हायलायटरच्या पट्टीने दुधातला युरिया कळत नाही

कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कालपासून फिरतंय: 'पिवळ्या हायलायटरने रंगवलेला कागद दुधात बुडवा, यूव्ही टॉर्च मारा, हिरवा चमकला तर दुधात युरिया.' याचं मूळ दुर्दैवाने माझ्याच पोस्टमध्ये आहे. अमोनिया ओळखणाऱ्या चमकत्या रंगांविषयी मी लिहिलं होतं. दूध त्यात नव्हतंच, पण तेव्हा मी नीट फोड करून सांगितलं नाही, ही चूक माझी.

अमोनिया ओळखणाऱ्या खऱ्या सेन्सरमध्ये रंग सिलिकॉनसारख्या पातळ पडद्याआड कोंडलेला असतो. पडद्यातून फक्त वायू आत जातो, अमोनिया रंगाच्या रेणूवरचा प्रोटॉन काढून घेतो आणि चमक बदलते. ती मोजायला ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश आणि डिटेक्टर लागतो.

युरिया म्हणजे अमोनिया नव्हे. शिवाय दुधाचा पीएच (आम्लतेचं माप) साधारण 6.6, तिथे अमोनिया असलाच तरी हजारात जेमतेम दोन रेणू वायू होऊ शकणाऱ्या रूपात असतात, बाकी अमोनियम, म्हणजे प्रोटॉन चिकटलेलं, वायू न होणारं रूप. पिवळ्या हायलायटरमध्ये बहुधा पायरानिन हे चमकणारं रंगद्रव्य असतं, ते साध्या नळाच्या पाण्यातही हिरवं चमकतं. करून बघा. दुधातलं रायबोफ्लेविनही (बी2 जीवनसत्त्व) यूव्हीखाली चमकतं, म्हणजे चांगलं दूधही 'नापास'.

घरी बघायचंच असेल तर एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) सांगितलेली रीत आहे: चमचाभर दुधात अर्धा चमचा सोयाबीनची पूड, हलवून पाच मिनिटं थांबा, मग लाल लिटमस कागद अर्धा मिनिट बुडवा. निळा झाला तर शंका घ्या. सोयाबीनमधलं युरिएज हे एन्झाइम युरियाचा अमोनिया करतं, म्हणून हे चालतं.

एका काकूंनी त्या मेसेजवरून गवळी बंद केलाय. कृपया तो पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.