ठोके सुधारले, माणसं गेली

काका, फोंड्याहून तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. हृदयाच्या औषधांवर संशोधन करणाऱ्या क्लिनिकल फार्माकॉलॉजिस्टच्या, म्हणजे माझ्याच, कामावर मी लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं असं: एमडी होऊन रुग्ण तपासायचे सोडून तक्ते भरायचे, ही कसली कारकीर्द? गोळी लागू पडली की नाही हे चांगल्या डॉक्टरला डोळ्यांनी दिसतंच.

तक्त्यांचं मान्य. चवथीच्या आदला आठवडा मी चाचणीतल्या रुग्णांनी परत आणलेल्या बाटल्यांत उरलेल्या गोळ्या मोजण्यात घालवलाय. म्हापशाहून कदंब बसने येणाऱ्या एका आजोबांची बाटली दर वेळी रिकामी, आणि बीपी काही उतरेना. आम्ही डोस वाढवायच्या बेतात होतो. एकदा सूनबाई सोबत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, निघताना उरलेल्या गोळ्या ते माडाच्या आळ्यात ओततात." आता सांगा, डोळ्यांना काय दिसलं असतं?

पण ही झाली गंमत. खरी गोष्ट भयंकर आहे. हार्ट अटॅकनंतर ठोके मधेमधे चुकू लागले की अचानक मृत्यूचा धोका वाढतो, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड ही औषधं दिली की ठोक्यांचं ते चुकणं थांबे. ईसीजी सुधारलेला स्वच्छ दिसे, मग शंका कोण घेणार? अमेरिकेतल्या 'कास्ट' चाचणीत तर ज्यांचे ठोके औषधाने सुधारले होते अशांनाच घेतलं. साधारण निम्म्यांना औषध, बाकीच्यांना हुबेहूब दिसणारी बिनऔषधी गोळी. १९८९ मध्ये ती दोन्ही औषधं मधेच बंद करावी लागली. औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले, बिनऔषधी गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. अटॅकने व्रण पडलेल्या हृदयात विजेचा प्रवाह ही औषधं इतका मंदावत की नवाच, जीवघेणा बिघाड सुरू व्हायचा.

एखाद्या डॉक्टरचे असे दोन रुग्ण गेले असते तर तो म्हणाला असता, हृदयच कमजोर होतं. तसं म्हणणं चूकही ठरलं नसतं. फरक कळायला दोन्ही बाजूंचे मृत्यू मोजावे लागले, आणि कोण काय घेतंय हे त्या डॉक्टरांपासूनही लपवावं लागलं.

पैशांबद्दल तुम्ही खवचटपणे विचारलंत, तर बॅचमेटांचे पर्वरीत बंगले झाले. माझ्या ताळगावच्या फ्लॅटचे हप्ते चालू आहेत.

एका बाबतीत मात्र तुमचं बरोबर. मूळ लेखात मी परिषदा नि शोधनिबंधच मिरवले, बाटल्या मोजण्याबद्दल अवाक्षर नाही. तो भाग रविवारी नव्याने लिहितो.