एका डोंगलवर अख्खं ऑफिस चालत नाही

हार्डवेअरवाल्यांच्या आणि सीए मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: "एकाच सॉफ्टवेअरच्या दहा कॉप्या कशाला घेता? एक घ्या. डोंगल सर्व्हरला लावा, यूएसबी शेअर करणारं सॉफ्टवेअर टाका, सगळ्या व्हर्च्युअल मशीनवर एकाच वेळी चालेल. व्हीएमला डोंगल दिसतच नाही, त्यामुळे हाच एक मार्ग आहे. इंटरनेटवरून घरूनही चालतं. डोंगलमध्ये डेटा नसतो, म्हणून धोका नाही. डोंगल तुमचं, म्हणजे सगळं कायदेशीर. हरवायची भीती वाटत असेल तर एम्युलेटर बनवून ठेवा. डीएससी टोकनलाही हीच युक्ती." खाली 'जास्तीत जास्त शेअर करा' आहेच. (डोंगल किंवा 'की' म्हणजे सॉफ्टवेअरचं लायसन्स जपणारी, यूएसबीत खोचायची किल्ली. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, हा एका खऱ्या सर्व्हरवर, म्हणजे 'होस्ट'वर, सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक. एम्युलेटर म्हणजे डोंगलची नक्कल करणारा प्रोग्रॅम. डीएससी टोकन म्हणजे डिजिटल सहीचं यूएसबी उपकरण.)

मेसेज निव्वळ थाप असता तर सोडून दिला असता. पण यातलं बरंचसं अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्यावर विसंबून लोक सर्व्हरची खरेदी करून बसतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"सगळ्या व्हीएमवर एकाच वेळी चालेल"

हा मेसेजचा गाभा, आणि नेमका हाच चुकीचा. यूएसबी उपकरणाला एका वेळी एकच मालक मशीन असतं. यूएसबी/आयपी, व्हर्च्युअलहिअर, फ्लेक्सीहब ही सॉफ्टवेअरं किंवा एसईएच आणि डिजी या कंपन्यांचे तयार डोंगल सर्व्हर, सगळे मुळात एकच काम करतात: डोंगलकडे जाणारी यूएसबीची प्रत्येक विनंती उचलून नेटवर्कवरून पलीकडे पोचवतात आणि उत्तर परत आणतात. नेटवर्कवरचं यूएसबी म्हणजे लांब केलेली वायर. वायर लांब केली म्हणून तिला दहा टोकं फुटत नाहीत.

यूएसबी/आयपीमध्ये हे उघड दिसतं. ते २०१४ साली, ३.१७ आवृत्तीत, लिनक्स कर्नलचा, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा, पक्का भाग झालं. डोंगल शेअर करायला 'बाइंड' केलं की पहिली गोष्ट होते ती अशी, की ज्या मशीनला डोंगल प्रत्यक्ष लावलंय त्याच मशीनच्या ड्रायव्हरकडून ते काढून घेतलं जातं. मग एका व्हीएमने ते जोडून घेतलं की बाकीच्यांना 'वापरात आहे' एवढंच कळतं. दुसऱ्याला हवं असेल तर पहिल्याने सोडायला हवं.

मग "आमच्याकडे तर चालतंय" म्हणणारे खोटं बोलतात का? नाही. बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट असते. काही जुने प्रोग्रॅम डोंगल फक्त सुरू होताना तपासतात. अशा ठिकाणी मंडळी प्रोग्रॅम उघडतात, डोंगल सोडतात, पुढचा माणूस ते घेतो. नव्या प्रोग्रॅमांमध्ये पार्श्वभूमीवर तपासणी सतत चालू असते. चाकण-भोसरीच्या टूलरूममध्ये कॅमवर (मशीनला आज्ञा बनवून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर) काम करणाऱ्याला विचारा: टूलपाथ, म्हणजे कटरचा मार्ग, लागत आलेला असतो, दुसऱ्या टेबलावरच्या कुणीतरी डोंगल ओढून घेतलेलं असतं, आणि स्क्रीनच्या मधोमध 'लायसन्स की सापडली नाही' अशी चौकट येते. खाली फक्त 'रीट्राय' आणि 'कॅन्सल'. चौकट हटेपर्यंत मागचं 'सेव्ह'चं बटण दाबता येत नाही. तिथून पुढे ऑफिसात काय भाषा वापरली जाते ते लिहीत नाही.

दुसरी शक्यता अशी, की त्यांच्याकडे नेटवर्क लायसन्सचं डोंगल आहे आणि श्रेय मात्र यूएसबी शेअरिंगला मिळतंय. सेंटिनेल हास्प या डोंगलच्या घराण्यात ही नेटवर्क की सहसा लाल रंगाची असते. ती एका मशीनला लावायची, तिथे लायसन्स मॅनेजर चालवायचा, आणि बाकीच्या मशीन त्याच्याकडे टीसीपी/आयपीवरून सीट, म्हणजे एका वापरकर्त्याची परवानगी, मागतात. इथे यूएसबी नेटवर्कवरून जातच नाही. जाते ती फक्त 'एक सीट द्या' ही विनंती. सेंटिनेलचा लायसन्स मॅनेजर नेटवर्क पोर्ट १९४७ वर ऐकतो (हा आकडा भारतीय माणसाला पाठ करावा लागत नाही), कोडमीटर ही तशीच दुसरी यंत्रणा २२३५० वर, आणि तिसऱ्या, फ्लेक्सनेटचा सर्व्हर सहसा २७००० ते २७००९ मधल्या एखाद्या पोर्टवर.

व्हर्च्युअल मशीनसाठी पहिला पर्याय हाच. डोंगल कुठल्या मशीनला लावलंय याच्याशी व्हीएमला देणंघेणं उरत नाही. एक खाचखळगा मात्र नेहमी नडतो: सर्व्हर शोधायला प्रोग्रॅम ब्रॉडकास्ट करतो (नेटवर्कवर सगळ्यांना एकदम हाक मारतो), आणि ब्रॉडकास्ट व्हीलॅनची, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्याची, हद्द ओलांडत नाही. व्हीएम वेगळ्या व्हीलॅनमध्ये असल्या की 'लायसन्स सापडत नाही', आणि दोष डोंगलला. सेंटिनेलमध्ये ब्राउझरवर लोकलहोस्ट:१९४७ उघडून त्या पानावर लायसन्स सर्व्हरचा पत्ता हाताने टाकला आणि फायरवॉलमध्ये पोर्ट मोकळा केला की काम होतं.

फुकट मात्र नाही. सीट विकत घ्याव्या लागतात. की तीच राहू शकत असेल तर विक्रेत्याला सी-टू-व्ही (ग्राहकाकडून विक्रेत्याकडे) फाइल पाठवायची, त्याची व्ही-टू-सी (उलट दिशेची) फाइल आली की ती चढवायची. नाहीतर नवी की मागवायची. मेसेजवाल्याला नेमकं हेच टाळायचंय, आणि तंत्र ते टाळू देत नाही.

याच मुद्द्याचं एक उपकलम म्हणून कुणीतरी सुचवतं: डोंगल एकाच व्हीएमला द्या आणि सगळ्यांनी रिमोट डेस्कटॉपने त्याच व्हीएममध्ये शिरा. पण बऱ्याच प्रोग्रॅमांना टर्मिनल सर्व्हरचं (दुरून उघडलेलं) सेशन ओळखता येतं, आणि एका माणसाचं लायसन्स असेल तर ते सरळ चालायला नकार देतात.

"व्हीएमला डोंगल दिसतच नाही"

हायपर-व्ही या मायक्रोसॉफ्टच्या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरपुरतं हे जवळजवळ खरं आहे. होस्टला लावलेलं यूएसबी उपकरण थेट व्हीएमला देण्याची सोय त्यात नाही. रिमोट सेशनमधून यूएसबी पुढे ढकलता येतं, पण सेशन तुटलं की डोंगल गेलं; रात्री आपोआप चालणाऱ्या कामाला त्याचा उपयोग शून्य. विंडोज सर्व्हर २०१६ पासून अख्खं पीसीआय-ई कार्ड व्हीएमला देता येतं, म्हणून काहीजण यूएसबी कार्ड देऊन बघतात, पण मायक्रोसॉफ्टने ती सोय मुख्यतः ग्राफिक्स कार्ड आणि एनव्हीएमई डिस्क डोळ्यांपुढे ठेवून दिलीय.

व्हीएम चालवणाऱ्या बाकीच्या सॉफ्टवेअरमध्ये डोंगल थेट देता येतं. व्हीएमवेअर ईएसएक्सआयमध्ये व्हीस्फिअर ४.१ पासून ही सोय आहे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये आहे. प्रॉक्समॉक्समध्ये तर व्हीएमच्या हार्डवेअरच्या पानावर जाऊन यूएसबी उपकरण जोडा म्हटलं की झालं. सर्व्हर एकच आणि डोंगल लागणारी व्हीएमही एकच, तर नेटवर्कवरच्या यूएसबीचा व्याप कशाला?

प्रॉक्समॉक्समध्ये जोडताना एक प्रश्न येतो: उपकरणाच्या आयडीने जोडायचं की होस्टच्या यूएसबी पोर्टने (भोकाने)? एकाच घराण्याची दोन डोंगलं होस्टला असतील तर दोघांचा आयडी सारखाच असतो. हास्प एचएलचा ०५२९:०००१ हा आयडी कीच्या जातीचा आहे, तुमच्या कीचा नाही. आत लायसन्स कशाचं आहे हे त्यावरून कळत नाही. आयडीने जोडलं तर अकाउंटिंगच्या व्हीएमला डिझाइनचं डोंगल मिळू शकतं, आणि दोन्हीकडे 'चुकीची की'. अशा वेळी पोर्टने जोडायचं आणि होस्टच्या त्या पोर्टवर चक्क पट्टी चिकटवून नाव लिहायचं. साफसफाईत कुणी डोंगल शेजारच्या भोकात खोचलं की पुन्हा तोच घोळ. श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं लॉक (डोंगलच) वर्षानुवर्षं जिवापाड जपलेल्या डीटीपीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता मेसेजच्या बाजूने एक गोष्ट. होस्ट दोन-तीन असतील आणि व्हीएम त्यांच्यात फिरत असतील, तर थेट जोडलेलं डोंगल अडचणीचं ठरतं. व्हीएमवेअर चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर नेतानाही डोंगलची जोडणी टिकवू शकतं, पण नंतर ती व्हीएम बंद केली तर डोंगल परत मिळायला तिला मूळ होस्टवर यावं लागतं. आणि मूळ होस्टच बंद पडला तर व्हीएम दुसरीकडे उठेल, डोंगल मेलेल्या होस्टच्या पाठीला तसंच राहील. प्रोग्रॅमचं नेटवर्क लायसन्स मिळतच नसेल, तर इथे वेगळा डोंगल सर्व्हर घेणं शहाणपणाचं आहे. तो यूपीएसवर ठेवा, आयपी पक्का द्या, आणि कुठलं डोंगल कुठल्या व्हीएमचं हे त्यातच बांधून टाका.

"इंटरनेटवरून घरूनही चालतं"

जोडलं जातं. चालतं का, ते प्रोग्रॅमवर अवलंबून. डोंगलला बँडविड्थ नगण्य लागते, म्हणून लोक म्हणतात '१०० एमबीपीएसची लाइन आहे, काय अडचण?' अडचण वेगाची नाही, विलंबाची आहे. प्रत्येक विनंती पलीकडे जाऊन उत्तर येईपर्यंत प्रोग्रॅम थांबून राहतो. समजा सुरू होताना प्रोग्रॅम डोंगलला एकापाठोपाठ ५०० प्रश्न विचारतो. ऑफिसच्या लॅनवर (आतल्या नेटवर्कवर) एका फेरीला १ मिलिसेकंद धरला तर अर्धा सेकंद. घरून ४० मिलिसेकंद धरले तर २० सेकंद. हे फक्त उघडायला. मध्येच वायफाय क्षणभर डुलकी घेतं, टीसीपीची जोडणी तुटते, विंडोजला वाटतं डोंगल उपटलं, आणि वरची ती चौकट पुन्हा हजर.

घरून काम करायचंच असेल तर उलटं करा: प्रोग्रॅम आणि डोंगल ऑफिसात शेजारी राहू द्या, स्क्रीन घरी न्या. लायसन्सच्या अटीत रिमोट वापर बसतो का, एवढं आधी पाहा. क्लाउडमधल्या व्हीएमचंही तेच गणित. तिथे डोंगल लावायला भोकच नाही, त्यामुळे वायर लांबच करावी लागते. मग निदान मशीन तरी मुंबई-पुण्याच्या डेटा सेंटरमधलं घ्या, स्वस्त मिळतं म्हणून युरोपातलं नको.

"धोका काही नाही"

घरून चालावं म्हणून मेसेजचे भक्त राउटरवर पोर्ट उघडतात. यूएसबी/आयपीचा पोर्ट ३२४०. त्याच्या मूळ प्रोटोकॉलमध्ये ना एन्क्रिप्शन आहे, ना पासवर्ड. पोर्टपर्यंत जो पोचेल त्याला शेअर केलेल्या उपकरणांची यादी मिळते आणि मोकळं असलेलं डोंगल तो जोडून घेऊ शकतो. एका वेळी एकच मालक, हे आठवतंय ना? त्याने घेतलं की तुमचं ऑफिस बंद.

उलट दिशेचा धोका कुणी बोलत नाही. तुमची व्हीएम ज्या सर्व्हरकडून यूएसबी घेते, तो डोंगलऐवजी कीबोर्ड म्हणूनही हजर होऊ शकतो आणि तुमच्या मशीनवर आज्ञा टाइप करू शकतो. म्हणून हे सगळं वायरगार्डसारख्या व्हीपीएनच्या (खासगी, एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीच्या) आतच. डोंगल सर्व्हरच्या पेटीत एन्क्रिप्शनची सोय असेल तर ती चालू करा. अनेक ठिकाणी ती आहे हेच कुणी पाहिलेलं नसतं.

"कायदेशीरही आहे, आणि एम्युलेटर बनवून ठेवा"

डोंगल तुमचं असतं, सॉफ्टवेअर वापरायचा हक्क मात्र करारात लिहिलेला असतो तेवढाच. नेटवर्कवरून यूएसबी द्यायला काही कंपन्या आडकाठी करत नाहीत, काहींच्या अटीत ते चालत नाही, काही एकाच जागेपुरतं चालवून घेतात. ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरचं "चालेल हो सर" ऑडिटच्या दिवशी कुणाला आठवत नाही.

एम्युलेटरची गोष्ट निराळी. तिथे आपण वायर लांब करत नाही, कुलूपच फोडतो. कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ए आलं: हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण चुकवलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. 'माझ्याच डोंगलचा बॅकअप' म्हणणारा हेतूवर वाद घालू शकेल, पण तोच एम्युलेटर दहा व्हीएमवर टाकला की वादाला जागा राहत नाही. शिवाय असले एम्युलेटर बहुधा सही नसलेला कर्नल ड्रायव्हर घेऊन येतात. तो चढवायला विंडोजची ड्रायव्हर सही-तपासणी बंद करा, सिक्युअर बूट बंद करा, अँटिव्हायरसला डोळे मिटायला सांगा, अशी यादीच सोबत असते. ज्या सर्व्हरवर कंपनीचे हिशेब आहेत, त्यावर अनोळखी साइटवरची फाइल कर्नलमध्ये बसवायची, तीही सगळे पहारे उठवून! हरवण्याची भीती खरी असेल तर डोंगलचा विमा काढा, किंवा बदली कीचा नियम खरेदीच्या वेळीच लिहून घ्या. बऱ्याच कंपन्या बिघडलेली की बदलून देतात, हरवली तर नवं लायसन्स घ्यायला लावतात.

"डीएससी टोकनलाही हीच युक्ती"

ही ओळ सीएंच्या ग्रुपवर कुणीतरी जोडलेली दिसते, आणि तिच्यामागची अडचण खरी आहे. टोकन ऑफिसच्या मशीनला लावलेलं असतं, तुम्ही घरून रिमोट डेस्कटॉपने त्या मशीनवर जाता, आणि जीएसटीच्या किंवा एमसीएच्या (कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) पोर्टलवर सही करायला गेलात की टोकनच दिसत नाही. टोकन बिघडलेलं नसतं. विंडोज टोकनला स्मार्ट कार्ड मानतं, आणि रिमोट सेशनमध्ये स्मार्ट कार्ड तुमच्या समोरच्या मशीनचं धरलं जातं, पलीकडच्याचं नाही. टोकन घरच्या लॅपटॉपला लावा, रिमोट डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये स्मार्ट कार्डची खूण असल्याची खात्री करा, दोन्हीकडे टोकनचा ड्रायव्हर असू द्या. वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही.

पण संचालकांचं टोकन नेटवर्कवर टाकून, पिन चिठ्ठीवर लिहून, ऑफिसातल्या कुणीही सही करायची, हे लायसन्स वाचवण्याच्या खात्यात येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४२ खासगी कीवरचा (सहीच्या गुप्त किल्लीवरचा) ताबा राखण्याची जबाबदारी प्रमाणपत्र ज्याच्या नावे आहे त्याच्यावर टाकतं. संचालक कायम दौऱ्यावर असतात ही खरी तक्रार असेल, तर ठराव करून दुसरा अधिकृत सहीदार नेमा आणि त्याच्या नावाने वेगळं डीएससी काढा.