‘पैसे बंद केले आणि ज्यूद्वेष संपला’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

शाळेच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर आणि ज्यांची मुलं अमेरिकेत शिकतायत अशा पालकांच्या ग्रुपवर, तिन्हीकडे मला एकच मेसेज आलाय. थोडक्यात तो असा: ‘ट्रम्पनी युनिव्हर्सिट्यांचे पैसे बंद केले आणि तिथला ज्यूद्वेष संपला. आधीच्या सरकारने काहीही केलं नव्हतं. मुस्लिमद्वेष वगैरे नुसता कांगावा आहे. तिथला कायदा ज्यूंसाठी आहे, आपल्या मुलांचा त्यात काही संबंध नाही, त्यांनी गप्प राहून शिकावं.’

मी तिकडे दोन वर्षं शिकलोय, माझी भाची आत्ता तिकडे आहे, त्यामुळे हे वाचून नुसतं स्क्रोल करून पुढे जाणं मला जमलं नाही. एकेक मुद्दा घेतो, आणि सुरुवात मुद्दाम कायद्यापासून करतो कारण सगळ्यात मोठी चूक तिथेच आहे.

‘कायदा ज्यूंसाठी आहे’

नाही. ज्या कायद्याच्या जोरावर हे सगळं चाललंय तो १९६४ चा सिव्हिल राइट्स ॲक्ट, त्यातलं टायटल सिक्स. सरकारचा पैसा घेणाऱ्या कुठल्याही संस्थेत वंश, रंग किंवा मूळ देश यावरून कुणाशी भेदभाव करता येणार नाही, एवढंच ते म्हणतं. गंमत नाही, खरंच, त्यात धर्म हा शब्दच नाहीये! त्यामुळे कितीतरी वर्षं ज्यू विद्यार्थ्याने तक्रार केली की हा धर्माचा मामला, आमच्याकडे येत नाही असं म्हणायला वाट मोकळी होती. २००४ च्या सप्टेंबरात शिक्षण खात्याच्या सिव्हिल राइट्स ऑफिसने पत्र काढून सांगितलं की एखाद्या धर्माच्या मुलांना त्यांच्या वाडवडिलांवरून, त्यांच्या वंशावरून त्रास दिला जात असेल तर ते प्रकरण आम्ही घेणार. आणि त्या पत्रात ज्यूंबरोबर अरब मुस्लिम आणि शीख विद्यार्थ्यांचंही नाव होतं. शीख का, तर ९/११ नंतर पगडी आणि दाढी बघून लोकांवर हल्ले होत होते, त्या घटनेनंतर चारच दिवसांत अरिझोनामधल्या मेसा गावात पेट्रोल पंप चालवणाऱ्या एका शीख माणसाला मुस्लिम समजून गोळी घातली होती.

म्हणजे ज्या दाराने ज्यू विद्यार्थ्याला संरक्षण मिळालं त्याच दाराने मुस्लिम आणि शीख विद्यार्थ्यालाही मिळालं, दार एकच आहे. याच ऑफिसच्या मे २०२४ च्या पत्रात तर यादी आणखी स्पष्ट केली, ज्यू, इस्रायली, मुस्लिम, अरब, पॅलेस्टिनी, शीख, दक्षिण आशियाई, आणि हो, हिंदूसुद्धा. आपला संबंध नाही म्हणणाऱ्यांनी ही यादी एकदा शांतपणे वाचावी.

‘आधीच्या सरकारने काहीही केलं नाही’

मे २०२३ मध्ये, म्हणजे हमासने इस्रायलवर केलेल्या ७ ऑक्टोबरच्या हल्ल्याच्या साधारण साडेचार महिने आधी, बायडन सरकारने ज्यूद्वेषाविरुद्धचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला होता. त्याच्याही आधी, २०१९ च्या डिसेंबरात, ट्रम्प यांनीच पहिल्या कारकिर्दीत आदेश काढला होता की ज्यूद्वेषाच्या प्रकरणांना टायटल सिक्स लावा. २००४ चं पत्र निघालं तेव्हा बुश होते. म्हणजे दोन्ही पक्षांनी मिळून वीस वर्षांत हे काम उभं केलंय, त्याचं श्रेय एकाला देऊन दुसऱ्याला झोपलेला ठरवणं खोटं आहे.

काम कसं चालतं ते बघा. जून २०२४ मध्ये याच सिव्हिल राइट्स ऑफिसने केलेली मिशिगन युनिव्हर्सिटीची चौकशी पूर्ण झाली, ७५ तक्रारी तपासल्या होत्या. एका ज्यू विद्यार्थ्याची तक्रार सोशल मीडियावरच्या प्रकाराची होती, त्याला सांगितलं की हे सोशल मीडियावर झालंय, आत्ता औपचारिक काही करता येणार नाही. पॅलेस्टाइनच्या बाजूच्या निदर्शनात गेलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्याला कुणीतरी ‘टेररिस्ट’ म्हटलं, तिथे सगळ्यांना गोल करून बसवून बोलायला लावलं, पुढे काही नाही. ऑफिसने म्हटलं दोन्हीकडे तुम्ही मूळ कामच केलं नाहीत, या प्रकारांमुळे त्या मुलांच्या शिकण्यात अडथळा येतोय का हे तपासलंच नाहीत. एकाच अहवालात दोन्ही बाजूंची मुलं! युनिव्हर्सिटीने धोरण बदलायचं, लोकांना ट्रेनिंग द्यायचं, जुन्या तक्रारी पुन्हा उघडायच्या असं लिहून दिलं. याच्या ब्रेकिंग न्यूज होत नाहीत, पण काम हेच असतं.

त्या सरकारवर टीका करायचीच असेल तर खरी करा. मुस्लिमद्वेषाविरुद्धचा आराखडा त्यांनी आणला डिसेंबर २०२४ मध्ये, खुर्ची सोडायला जेमतेम पाच आठवडे उरलेले असताना. तेव्हा त्याचा काय उपयोग होणार होता? त्याचा मला आजही राग आहे.

‘मुस्लिमद्वेष हा कांगावा’

२०१५ चा फेब्रुवारी, नॉर्थ कॅरोलायनातलं चॅपल हिल. तीन मुस्लिम तरुण, एक नवरा-बायको आणि बायकोची धाकटी बहीण, शेजाऱ्याने त्यांच्याच घरात गोळ्या घालून मारले. नवरा डेंटिस्ट्री शिकत होता. नोव्हेंबर २०२३, स्टॅनफर्डमध्ये एका अरब मुस्लिम विद्यार्थ्याला गाडीने उडवलं, शिवी देत देत, पोलिसांनी हेट क्राइम म्हणून तपास केला. त्याच महिन्यात व्हरमाँटच्या बर्लिंग्टनमध्ये सुट्टीला आलेल्या पॅलेस्टिनी वंशाच्या तीन कॉलेज विद्यार्थ्यांवर रस्त्यात गोळीबार झाला, दोघांच्या गळ्यात त्यांचा तो काळापांढरा रुमाल होता, एक मुलगा छातीखाली लुळा झाला. कांगावा असा असतो?

आणि ज्यूद्वेष खोटा आहे असं म्हणणारे माझ्या बाजूचे काही मित्र आहेत, त्यांनाही सांगतो की तसं नाहीये. ऑक्टोबर २०२३ मध्ये कॉर्नेलला ज्यू विद्यार्थ्यांच्या कोशर मेसवर गोळीबार करीन अशा धमक्या एका विद्यार्थ्याने ऑनलाइन टाकल्या होत्या, त्याला २१ महिन्यांची कैद झाली. मी होस्टेलला असताना आमच्या समोरच्या खोलीत एक ज्यू मुलगा राहायचा. त्यांच्यात दाराच्या चौकटीला एक छोटीशी डबी तिरपी लावतात, मेझुझा म्हणतात तिला, आत चर्मपत्रावर प्रार्थना लिहिलेली असते. ती डबी एका सेमिस्टरमध्ये दोनदा कुणीतरी उचकटून टाकली. दुसऱ्या वेळेला तो जमिनीवर बसून चौकटीच्या लाकडाच्या ढलप्या गोळा करत होता, मी विचारलं परत लावणार का, तर म्हणाला आतल्या बाजूने लावीन. तो मुलगा काही कुठल्या सरकारचा माणूस नव्हता, केमिस्ट्री शिकत होता.

ज्यू म्हटलं की आपल्याकडे पण कुणीतरी लांबचे परके असं वाटतं काहींना, अरे कोकणात अलिबागच्या पट्ट्यात शनिवार तेली म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी माणसं कोण होती मग? ज्यूच ना!

एप्रिल २०२५ मध्ये हार्वर्डने एकाच दिवशी दोन अहवाल काढले, एक ज्यू आणि इस्रायली विद्यार्थ्यांबद्दल, दुसरा मुस्लिम, अरब आणि पॅलेस्टिनी विद्यार्थ्यांबद्दल, दोन्ही शेकडो पानांचे. दोन्ही अहवालांसाठी मिळून केलेल्या सर्व्हेत ९२ टक्के मुस्लिमांनी सांगितलं की राजकीय मत उघड बोललो तर शिक्षणावर किंवा करिअरवर परिणाम होईल असं वाटतं. पहिल्या अहवालात ज्यू मुलं सांगतायत की आपली ओळख लपवावीशी वाटते. एकाचं दुःख खरं म्हणून दुसऱ्याचं खोटं ठरत नाही.

‘पैसे बंद केले आणि संपला’

काय झालं ते तारखांसकट सांगतो. ७ मार्च २०२५ ला कोलंबियाचे ४० कोटी डॉलर रद्द केले. १० मार्चला ६० युनिव्हर्सिट्यांना पत्र गेलं की ज्यू विद्यार्थ्यांचं रक्षण करा नाहीतर कारवाई होईल. आणि ११ मार्चला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, शिक्षण खात्यातली जवळजवळ निम्मी माणसं काढायचं जाहीर केलं, त्यात सिव्हिल राइट्स ऑफिसच्या १२ प्रादेशिक कचेऱ्यांपैकी ७ बंद. न्यूयॉर्क, बॉस्टन, फिलाडेल्फिया, शिकागो, सॅन फ्रान्सिस्को, म्हणजे जिथे एवढी मोठमोठी कॉलेजं आहेत तिथलीच. आता ज्यू मुलाने तक्रार केली तर वाचणार कोण? पोलिस चौकी बंद करायची आणि गावावर दंड बसवायचा, असं झालं हे.

बरं, पैसे तोडायची सोय कायद्यात आहे, नाही असं नाही, पण रीत ठरलेली आहे. आधी नोटीस, मग संस्थेला सुधारायची संधी, मग सुनावणी, मग काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, लेखी कळवून ३० दिवस थांबायचं, आणि तोडायचे ते ज्या विभागात भेदभाव सापडला तेवढ्याचेच. हे मुद्दाम लिहिलंय कारण एका विभागाच्या चुकीसाठी दुसऱ्या विभागातल्या निरपराध माणसांचं नुकसान होऊ नये. हार्वर्डचे एप्रिलमध्ये २२० कोटी डॉलर गोठवले तेव्हा यातलं काही केलं नाही. टीबीवर चाललेल्या एका मोठ्या संशोधनाला काम थांबवा म्हणून हुकूम गेला. टीबी! जगात सगळ्यात जास्त टीबीचे पेशंट आपल्या देशात आहेत. टीबीच्या लॅबमधून कोणत्या ज्यू मुलाला त्रास होत होता हे मला कुणीतरी सांगावं. ३ सप्टेंबरला न्यायाधीश ॲलिसन बरोज यांनी ही कपात बेकायदा ठरवली आणि लिहिलं की ज्यूद्वेषाचं नाव इथे धुराचा पडदा म्हणून वापरलं गेलं. हार्वर्डमध्ये ज्यूद्वेष आहे हेही त्यांनी त्याच निकालात मान्य केलंय, ते लोक सोयीने विसरतात. सरकारने या निकालावर अपील केलं.

कोलंबियाने जुलैमध्ये तडजोड केली, तीन वर्षांत २० कोटी डॉलर भरायचे, शिवाय ज्यू कर्मचाऱ्यांच्या तक्रारींसाठी २ कोटी १० लाख. त्याने द्वेष संपला का? वॉशिंग्टनमध्ये ज्यू म्युझियमबाहेर इस्रायली वकिलातीतल्या दोघांना मारलं ते मे २०२५ मध्ये, कोलोरॅडोतल्या बोल्डरला मोर्चातल्या लोकांवर पेटत्या बाटल्या फेकल्या ते १ जूनला. दोन्ही कॅम्पसच्या बाहेरचं आहे मान्य, पण ‘संपला’ हा शब्द वापरायच्या आधी हे आठवायला हवं. ज्यूंच्या रिफॉर्म आणि कन्झर्व्हेटिव्ह पंथांच्या संघटनांनी एप्रिलमध्येच जाहीर सांगितलं होतं की ज्यूंची सुरक्षा की लोकशाही, अशी निवड आमच्यावर लादू नका.

‘आपल्या मुलांनी गप्प राहावं’

२०२३-२४ मध्ये अमेरिकेत भारतातून गेलेले विद्यार्थी ३,३१,६०२ होते, कुठल्याही देशापेक्षा जास्त. मार्च २०२५ मध्ये कोलंबियात पीएचडी करणाऱ्या एका भारतीय मुलीचा व्हिसा रद्द झाला आणि ती देश सोडून गेली, जॉर्जटाउनमधल्या एका भारतीय संशोधकाला घराबाहेरून उचललं, तो जवळजवळ दोन महिने कोठडीत होता. तेव्हा संबंध नाही असं म्हणून चालत नाही.

आणि गप्प राहणं म्हणजे काय ते मी पाहिलंय. माझा रूममेट सोलापूरचा, मुस्लिम नाही, नुसती दाढी वाढवलेली. एका रात्री बसमध्ये कुणीतरी त्याला टेररिस्ट म्हणून ढकललं. घरी आला, कुणाशी बोलला नाही, सकाळी बेसिन केसांनी भरलेलं होतं. युनिव्हर्सिटीत सांगायला गेलो तर ढकलणाऱ्याचं नाव माहीत नाही ना, मग काय करणार, असं उत्तर मिळालं आणि आम्ही ते ऐकून परत आलो. पुढे अजून एक दार आहे हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून भाचीला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, तेच इथे लिहितो. असं काही झालं की त्याच दिवशी तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं ते लिहून ठेवायचं, मेसेज असेल तर स्क्रीनशॉट काढायचा. युनिव्हर्सिटीला तोंडी नाही, ईमेलने कळवायचं. तिथे दाद लागली नाही तर शिक्षण खात्याच्या सिव्हिल राइट्स ऑफिसकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही, वकील लागत नाही, नागरिक असावं लागत नाही. मुदत घटनेपासून १८० दिवसांची. माणसं कमी केल्यामुळे उत्तर उशिरा येईल, पण तुमची तक्रार १८१ व्या दिवशी पोचली तर तो उशीर तुमचा धरतात.