नाइन इंच नेल्स म्हणजे फक्त ट्रेंट रेझनर? मला नाही पटत

'नाइन इंच नेल्स' या अमेरिकी रॉक बँडचा विषय निघाला की कुणीतरी ठासून सांगतंच, "अरे, तो बँड नाहीच, तो एकटा रेझनर आहे." क्लीव्हलंडच्या एका स्टुडिओत हा गायक-संगीतकार पडेल ते काम करायचा, अगदी साफसफाईसुद्धा, आणि काम संपल्यावर मालकाच्या परवानगीने तिथेच स्वतःची गाणी रेकॉर्ड करायचा. सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड), सॅम्पलर, ड्रम मशीन, आवाज, जवळपास सगळं एकट्याचं. त्यातूनच १९८९ मध्ये 'प्रिटी हेट मशीन' हा पहिला अल्बम आला. त्याचं श्रेय त्याचंच, वाद नाही.

पण तो अल्बम ऐका आणि लगेच १९९२ चा 'ब्रोकन' लावा. पहिल्यात सिंथ पुढे आहेत, गाण्यांवर नाचताही येतं. दुसऱ्यात गिटारची नुसती भिंत अंगावर येते. मधल्या काळात काय झालं? दौरे झाले. रिचर्ड पॅट्रिकची गिटार आणि ख्रिस व्हरेनाचे ड्रम्स घेऊन तीच गाणी स्टेजवर वाजली आणि पार रासवट झाली. तो रासवटपणा मग स्टुडिओत शिरला. स्टेजवरच्या या पोरांना 'भाड्याचे वादक' म्हणणं म्हणूनच माझ्या डोक्यात जातं.

१३ ऑगस्ट १९९४, अमेरिकेतला वुडस्टॉक संगीत महोत्सव. व्हिडिओ बघितला नसेल तर आजच बघा. पाचही जण चिखलाने माखून स्टेजवर येतात. कपडे अंगाला चिकटलेत, केसांतून चिखल ओघळतोय. रॉबिन फिंक, डॅनी लोनर, जेम्स वूली, व्हरेना आणि रेझनर. त्या दिवशीच्या 'हॅपिनेस इन स्लेव्हरी'ला पुढे मेटलचं ग्रॅमी मिळालं. स्टुडिओतल्या गाण्याला नव्हे, या पाच जणांनी प्रत्यक्ष वाजवलेल्या गाण्याला!

माणसं मात्र टिकली नाहीत. पॅट्रिकने तर त्याआधीच बाहेर पडून 'फिल्टर' हा स्वतःचा बँड काढला होता. वूलीच्या जागी कीबोर्डवर चार्ली क्लाउझर आला. मग व्हरेना गेला. फिंक 'गन्स एन रोझेस'मध्ये गेला, परत आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. २०२५ मध्ये तर 'फू फायटर्स' या बँडशी चक्क ड्रमरची अदलाबदल झाली. इलन रुबिन तिकडे, जॉश फ्रीझ इकडे.

या सगळ्यात अ‍ॅटिकस रॉस या संगीतकाराची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. १९८८ पासून बँडचा अधिकृत सभासद एकच होता, रेझनर. रॉस २००५ पासून अल्बमवर काम करत होता, 'द सोशल नेटवर्क' चित्रपटाच्या संगीतासाठी दोघांनी मिळून ऑस्करही घेतलं, तरी बँडमध्ये त्याचं नाव अधिकृतपणे लागलं ते २०१६ मध्ये. उशीर झाला, पण रेझनरने ते केलं याचा मला मनापासून आनंद आहे.

२०२० मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये सात नावं गेली. रेझनर, रॉस, फिंक, व्हरेना, लोनर, कीबोर्ड वाजवणारा अलेसांद्रो कॉर्टिनी, रुबिन. यात क्लाउझर नाही, पॅट्रिकही नाही. 'द फ्रॅजाइल' अल्बमच्या काळातला क्लाउझरचा कीबोर्ड आणि प्रोग्रॅमिंग वगळून हा बँड कसा मोजायचा? आणि ज्याच्या गिटारने सुरुवातीच्या दौऱ्यांत या गाण्यांना धार लावली, तो पॅट्रिक बाहेर? ही दोन्ही नावं त्या यादीत यायलाच हवीत.