कावळा सात वर्षांच्या मुलाएवढा हुशार? एका संदेशाचा प्रतिवाद

पितृपक्ष जवळ आला की कावळ्याची थोरवी सांगणारा एक लांबलचक संदेश कोकणातल्या वाड्यावस्त्यांच्या आणि शाळांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरू लागतो. आपल्या अंगणातल्या कावळ्याची बुद्धी सात वर्षांच्या मुलाएवढी असते. एखादा कावळा मेला की बाकीचे शोकसभा घेतात आणि अपराध्याचा न्यायनिवाडाही करतात. माणसाचा चेहरा जन्मभर ध्यानात ठेवून कावळा सूड उगवतो. आणि इतके असूनही कोकिळेची अंडी उबवण्याइतका तो मूर्ख असतो, अशी त्यातली मुख्य विधाने आहेत. पिंडाला कावळा शिवण्याचा भाग श्रद्धेचा आहे, तो येथे बाजूला ठेवू. कावळा हुशार आहे याबद्दलही वाद नाही. हरकत आहे ती एका कावळ्याचे श्रेय दुसऱ्याला देण्याला आणि जे प्रत्यक्ष दिसले त्यात मनचे मिसळण्याला.

सात वर्षांच्या मुलाची गोष्ट मुळात आपल्या कावळ्याची नाहीच. कोकणात दोन कावळे सर्रास दिसतात: राखाडी मानेचा गावकावळा आणि सबंध काळा, जाड चोचीचा डोमकावळा. ज्या प्रयोगावरून हे विधान निघाले तो न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 साली प्रसिद्ध केला, आणि त्यातले सहा कावळे ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस असलेल्या न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या निराळ्या जातीचे होते. उभ्या नळीतल्या पाण्यावर खाऊ तरंगत होता, पण चोच तिथवर पोहोचत नव्हती. कावळ्यांनी बुडणाऱ्या वस्तू टाकून पाणी वर आणले. तरंगणाऱ्या वस्तू बहुधा टाळल्या आणि वाळूच्या नळीऐवजी पाण्याची नळी निवडली. वस्तू टाकल्याने पाणी चढते, एवढ्या एकाच बाबतीतली त्यांची समज संशोधकांनी पाच ते सात वर्षांच्या मुलांच्या तोडीची मानली. दोन नळ्या खालून छुप्या रीतीने जोडल्या, तेव्हा मात्र हेच कावळे अडले. पाढे, भाषा, रुसवेफुगवे, खोटे बोलणे यांचे मोजमाप कोणी केलेच नव्हते. त्यामुळे ‘सात वर्षांच्या मुलाएवढी बुद्धी’ हे वाक्य त्या कावळ्यांबाबतही जास्तीचेच ठरते.

हे बेटावरचे कावळे हत्यारेही बनवतात. आपल्या किनाऱ्यावर वाढणाऱ्या केवड्याच्या जातकुळीतल्या झाडाच्या पानाची काटेरी कड ते चोचीने कापून घेतात आणि तिने लाकडातल्या अळ्या बाहेर ओढतात. केवड्याची बने कोकणातही आहेत, पण आपले कावळे असे काही करताना आढळलेले नाहीत.

म्हणून ते मठ्ठ ठरत नाहीत. मासळी वाळत घातलेल्या जागी थोडा वेळ शांत उभे राहा. गावकावळा सरळ चालत येत नाही. तो तिरका, एकेक उडी मारत येतो, राखणदाराची पाठ वळेपर्यंत थांबतो, एक मांदेली उचलतो आणि लगेच लांब जातो. तुम्ही दगड उचलण्यासाठी नुसते वाकलात तरी दगड हाती लागण्याआधीच तो उडालेला असतो. खाऊन उरलेला तुकडा कौलांच्या फटीत सारून वर पाचोळा ठेवण्याचीही त्याला सवय आहे. जहाजांवरून जात जात हाच पक्षी पूर्व आफ्रिकेच्या बंदरांत आणि पार नेदरलँड्सपर्यंत पोहोचला आहे. माणसाच्या शेजारी राहून माणसाच्या चुकांवर जगणे हे त्याचे खरे कसब आहे, आणि संदेशात नेमका त्याचाच उल्लेख नसतो.

शोकसभेचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण त्यातला अर्धा भाग खरा आहे. मेलेल्या कावळ्याभोवती इतर कावळे जमतात आणि कलकलाट करतात, हे आपण सगळ्यांनीच पाहिले आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या केली स्विफ्ट आणि जॉन मार्झलफ यांनी 2015 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुखवटा घातलेली व्यक्ती मेलेला कावळा हातात धरून कावळ्यांच्या नेहमीच्या खाण्याच्या जागेजवळ उभी राहिली. कावळे जमून ओरडले, पुढचे काही दिवस तिथे खायला येताना कचरले आणि तो मुखवटा नंतर रिकाम्या हाताने दिसला तरी त्यावर ओरडू लागले. म्हणजे ही गर्दी निदान काही अंशी धोका कुठे आहे आणि कोणापासून आहे हे शिकण्यासाठी असते. त्यांना दुःख होते की नाही, हे या प्रयोगावरून ठरत नाही. न्यायनिवाड्याला तर काहीच आधार नाही. कावळे एकमेकांना टोचतात, हाकलतात, क्वचित मारतातही. पण आरोप, सुनावणी आणि शिक्षा हा सगळा क्रम पाहणाऱ्या माणसाने रचलेला आहे. तिन्हीसांजेला माडांवर जमणारा त्यांचा थवाही कोर्ट भरवत नसतो; ते रात्रीच्या मुक्कामाला एकत्र आलेले असतात.

चेहरा लक्षात ठेवण्याचे विधान मात्र बरेचसे टिकते. मार्झलफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली सिएटलमध्ये आदिमानवाचा मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि खुणेची कडी घालून सोडून दिले. पुढे वर्षानुवर्षे तो मुखवटा दिसताच कावळे ओरडत मागे लागले. विशेष म्हणजे जे कधीच पकडले गेले नव्हते, तेही ओरडणाऱ्यांत होते. पिल्ले आईबापांकडून आणि बाकीचे कावळे जमावाकडून हे शिकत होते. याला सूड म्हणण्यापेक्षा सावधगिरी म्हणणे योग्य होईल. शिवाय हा प्रयोगही अमेरिकी कावळ्यांवरचा होता, हे सांगायला संदेश विसरतो.

राहिला कोकिळेचा मुद्दा. कोकिळेची मादी कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते, त्याचा रंग आणि ठिपके कावळ्याच्या अंड्यासारखेच असतात आणि त्यातले पिल्लू बहुधा आधी बाहेर येते. ही फसवणूक पिढ्यान्‌पिढ्या घासून नेमकी झालेली आहे. तिला बळी पडणे आणि बुद्धी नसणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मोठी कोकिळा घरट्याच्या आसपास दिसली, तर कावळे तिला हाकलूनच लावतात. आंब्याच्या दिवसांत तिच्यामागे लागलेली कावळ्यांची जोडी पाहिली, तर ज्यांना संदेश मूर्ख म्हणतो ते तिला चांगलेच ओळखून असतात, हे कळते.