आधी कागद दाखवा!
पुन्हा नव्या नंबरवरून वसुलीचा फोन, पुन्हा तीच धमकावणी! पगार होईपर्यंत म्हणून घेतलेलं एवढंसं कर्ज, आणि त्यामागे केवढा हा छळ. शंभरामागे १५ शुल्क, तेही दोन आठवड्यांसाठी. ऐकताना किरकोळ वाटतं. वर्षाचा हिशेब मांडला की व्याजदर ३९१ टक्क्यांवर जातो! मुदत वाढवून घेतली तर नुसतं शुल्क जातं, मुद्दल जागच्या जागी. फी आणि खोलीचं भाडं भरून विद्यार्थ्याकडे उरतं तरी काय?

त्याहून संताप येतो तो वसुलीवाल्यांचा. एकाने कर्ज दिलं, दुसऱ्याला विकलं, त्याने तिसऱ्याला, आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा. लेखी हिशेब मागितला की फोन बंद. ‘आज थोडे तरी भरा’ हा हट्ट मात्र सुटत नाही. त्यामागचं कारण कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. जुन्या कर्जासाठी कोर्टात जायला कायद्याने मुदत असते, आणि कितीतरी ठिकाणी थोडीशी रक्कम भरली तरी ती मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. हे कुणीच सांगत नाही! परीक्षा तोंडावर असलेल्या पोराला घाबरवून पैसे काढायचे, ही कुठली रीत? मी आता ठणकावून सांगते, आधी कागद पाठवा, मग बोला.