ल्यूज म्हणजे नुसतं झोपणं? हा मेसेज थांबवा

ऑलिम्पिकच्या निमित्ताने फिरणारा एक मेसेज शेवटी माझ्या भाचीपर्यंत पोहोचला. ती धावपटू आहे. तिने विचारलं, ‘हे खरं आहे का?’ म्हणून हे लिहितो आहे.

मेसेज सांगतो: ल्यूज, म्हणजे बर्फाच्या उतरत्या ट्रॅकवरून स्लेडवर (बिनचाकी घसरगाडीवर) घसरत जायची शर्यत, हा खेळच नाही, स्लेडवर उताणं झोपलं की बाकी सगळं उतार करतो. बायकांना पूर्ण ट्रॅक झेपत नाही म्हणून त्यांना अर्ध्यातून सोडतात. आणि ट्रॅक म्हणजे डोंगरावरच्या बर्फात खणलेली चर, स्पर्धा संपली की वाया.

आधी तो ‘झेपत नाही’ मुद्दा, कारण सगळ्यात घातक तोच आहे. बायकांची सुरुवात अनेक ट्रॅकवर पुरुषांच्या एकेरीपेक्षा खालून होत आली, हे खरं. पण पुरुषांची दुहेरीही परंपरेने त्याच खालच्या जागेवरून सुटते, हे मेसेजने गाळलं. दोन पुरुष एका स्लेडवर बसून तिथूनच निघतात, त्यांच्या कुवतीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. 12 फेब्रुवारी 2010 ला कॅनडातल्या व्हिसलरच्या ऑलिम्पिक ट्रॅकवर सरावात अपघात होऊन जॉर्जियाचा ल्यूजपटू नोदार कुमारिताश्विली मरण पावला. त्यानंतर पुरुषांची एकेरी बायकांच्या सुरुवातीच्या जागेवर आणली आणि बायकांची आणखी खाली नेली. सुरुवात खाली घेतली की वेग कमी होतो, एवढाच त्याचा अर्थ. खालून सुटूनही बायका ताशी 120 किलोमीटरच्या पुढे जातात, त्याही पाय पुढे करून, पाठीवर पडून, ब्रेक नसलेल्या स्लेडवर. महिला एकेरी 1964 ला ल्यूज ऑलिम्पिकमध्ये आलं तेव्हापासून आहे, कुणी मागाहून दिलेली सवलत नाही.

आता ‘उतारच सगळं करतो’. उतार सगळ्यांना सारखाच असतो ना? मग 2022 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये यानचिंगच्या ट्रॅकवर काय झालं ते पाहा. आदल्या वर्षीची जगज्जेती युलिया टाउबिट्झ दुसऱ्याच फेरीत उलटली. त्याच ट्रॅकवर नाताली गाइसेनबर्गर जिंकली, सलग तिसऱ्यांदा, आणि तेही 2020 मध्ये बाळंतपण झाल्यावर. नुसतं झोपून हे होत नाही. सुरुवातीला ट्रॅकच्या दोन्ही बाजूंचे दांडे ओढून जोर घ्यायचा, काट्यांच्या हातमोज्यांनी बर्फ मागे रेटायचा, मग पोटऱ्यांनी स्लेडखालच्या घसरपट्ट्यांची पुढची टोकं दाबत आणि खांद्यांनी भार देत वळणं काढायची. जरा जास्त दाबलं तर वेळ जातो, कमी दाबलं तर भिंत. 1998 च्या नागानो ऑलिम्पिकमध्ये महिला एकेरीत चार फेऱ्या मिळून सुवर्ण आणि रौप्यात फरक होता 0.002 सेकंदांचा.

ट्रॅकचं थोडक्यात. तो काँक्रीटचा असतो, आत शीतकरणाचे पाइप, वर पाणी फवारून थर थर गोठवलेला बर्फ, जो माणसं हाताने तासतात. जर्मनीतल्या क्योनिग्सझेला असा कायमचा ट्रॅक 1960 च्या दशकाच्या शेवटीच झाला.

वाया जाण्याबद्दल मात्र मान्य करावंच लागतं. 2006 च्या तोरिनो ऑलिम्पिकसाठी चेझानात बांधलेला ट्रॅक काही वर्षांतच बंद पडला, आणि त्यावर झालेली टीका योग्य होती. पण ती चूक जागा निवडणाऱ्यांची, स्लेडवरच्या बायकांची नव्हे. आणि सगळेच ट्रॅक तसे नाहीत: इन्सब्रुकजवळचा इग्लसचा ट्रॅक 1976 च्या ऑलिम्पिकनंतरही दशकानुदशकं स्पर्धा भरवत आला आहे.